जजांची नेमणूक, 99वी घटनादुरुस्ती आणि "नाही" म्हणायचा अधिकार

कुठल्यातरी जजचं एखादं प्रकरण बाहेर आलं की दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच फिरायला लागतं, कॉलेजियम (म्हणजे जजांची नावं ठरवणारा सीनियर जजांचा गट) बंद करा, जजच जजांना निवडतात हे बरोबर आहे का, सरकारने नेमणुकांसाठी आयोग आणला होता तर कोर्टाने तो पण उडवला. 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींच्या बंगल्याला आग लागली आणि तिथे जळक्या नोटा दिसल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा पण हेच झालं. राग समजण्यासारखा आहे, पण तो आयोग नक्की काय होता, त्यात कोण बसणार होतं आणि कोर्टाने तो का रद्द केला हे विचारलं तर बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. विषय कायद्याचा असला तरी अवघड नाही, कारण सगळा झगडा शेवटी एकाच गोष्टीवर येतो, एखाद्या नावाला "नाही" म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे आणि "नाही" म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं की नाही.

आधी हे बघा की हा मुद्दा एवढा तापतो का. आपल्या देशात कोर्टात सगळ्यात जास्त केसेस कोणाच्या असतात तर सरकारच्या. जमीन संपादन, टॅक्स, पेन्शन, बदल्या, अटक, जामीन, निवडणूक, जिथे बघाल तिथे एका बाजूला केंद्र नाहीतर राज्य सरकार उभं असतं. शेताच्या बांधावरून दोघांचं भांडण चालू आहे आणि पंच कोण असावा हे त्यातल्या एकानेच ठरवायचं म्हटलं तर दुसरा त्या निकालावर विश्वास ठेवेल का? पंच कितीही सज्जन असला तरी नाही ठेवणार. न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य वगैरे मोठे शब्द आपण वापरतो त्याच्या मुळाशी एवढंच आहे.

घटनेच्या कलम 124 मध्ये मूळ तरतूद साधी होती. सुप्रीम कोर्टाचे जज राष्ट्रपती नेमतील, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार, आणि त्याआधी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करतील. संविधान सभेत 24 मे 1949 ला यावर चर्चा झाली तेव्हा काही सदस्यांचं म्हणणं होतं की नुसता सल्ला नको, सरन्यायाधीशांची संमतीच लागली पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांनी ते मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की सरन्यायाधीश कितीही मोठे असले तरी शेवटी माणूस आहेत, आपल्यासारखेच गुणदोष आणि पूर्वग्रह त्यांच्यातही असणार, आणि एका माणसाच्या हातात असा व्हेटो, म्हणजे एकट्याने नाव अडवायचा अधिकार, देणं धोक्याचं आहे. पण त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितलं की सगळं सरकारच्या मर्जीवर सोडणंही धोक्याचंच, म्हणून मधला मार्ग. आज दोन्ही बाजूचे लोक बाबासाहेबांचं अर्धं अर्धं भाषण वापरतात, पूर्ण वाचलं तर ते दोघांनाही सावध करतं.

पहिली वीस बावीस वर्षं हा मधला मार्ग बऱ्यापैकी चालला. मग आलं 1973. 24 एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, 13 जजांचं बेंच, 7 विरुद्ध 6, आणि निकाल असा की संसद घटना बदलू शकते पण घटनेचा मूळ ढाचा, म्हणजे तिचा पाया असलेली तत्त्वं, मोडू शकत नाही. या खटल्यात दोन्ही बाजूचे मुख्य वकील आपल्या मुंबईचे होते, मठाधिपती केशवानंद भारती यांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सिरवई. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीश सिक्री रिटायर होणार होते आणि प्रथेप्रमाणे त्यांच्यानंतरचे सगळ्यात सीनियर न्यायमूर्ती शेलट सरन्यायाधीश व्हायला हवे होते. सरकारने शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना बाजूला ठेवून चौथ्या नंबरच्या ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. ते तिघे सरकारच्या विरुद्ध गेलेल्या सात जणांत होते आणि रे त्या सहा जणांत. तिघांनीही राजीनामे दिले. आणि हे काही गुपचूप झालं नाही, त्यावेळचे मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत उघड सांगितलं की जज नेमताना त्याची विचारसरणी बघायचा सरकारला हक्क आहे. म्हणजे निकाल मनासारखा दिला नाहीस तर वर जाणार नाहीस, हे प्रत्येक जजला कळलं.

आणीबाणीत तर कळसच झाला. 1976 मध्ये 16 हायकोर्ट जजांच्या बदल्या झाल्या. त्याच वर्षी 28 एप्रिलला एडीएम जबलपूर खटल्यात सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अटक झालेल्या माणसाला कोर्टात दादच मागता येणार नाही. आपल्या पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड त्या चौघांत होते हे मराठी माणसाने विसरू नये (त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी 2017 च्या प्रायव्हसी निकालात वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं स्वतः लिहिलं). एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून त्यांच्या ज्युनियरला, एम. एच. बेग यांना, सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला. हा सगळा इतिहास एवढ्यासाठी सांगतोय की कॉलेजियम आकाशातून पडलं नाही, ते या जखमेतून आलंय.

1981 मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की शेवटचा शब्द सरकारचा. मग 1993 मध्ये नऊ जजांच्या बेंचने ते उलटं फिरवलं, शेवटचा शब्द सरन्यायाधीशांचा, पण त्यांनी एकट्याने नाही तर दोन सीनियर जजांना बरोबर घेऊन ठरवायचं. 1998 मध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर उत्तर देताना सुप्रीम कोर्टाच्या नेमणुकांसाठी ती संख्या सरन्यायाधीश आणि चार सीनियर अशी पाच केली. हेच कॉलेजियम. घटनेत हा शब्द कुठेही नाही, कायदाही नाही, निकालांमधून तयार झालेली पद्धत आहे. सरकार एकदा नाव परत पाठवू शकतं, पण कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर सरकारला नेमणूक करावीच लागते. कागदावर तरी असंच आहे.

कॉलेजियमवरचे आरोप मात्र खोटे नाहीत आणि ते मान्य केल्याशिवाय पुढची चर्चा प्रामाणिक होत नाही. कोणाचं नाव का घेतलं आणि कोणाचं का गाळलं हे बाहेर नीट कळत नाही. नियमाने ठरलेला इंटरव्ह्यू नाही, अर्ज नाही, निकष लिहिलेले नाहीत, बैठकीचे मिनिट्स जाहीर होत नाहीत. नातेवाईक आणि चेंबरमधले ज्युनियर पुढे जातात ही तक्रार इतकी जुनी आहे की 2009 मध्ये लॉ कमिशनने आपल्या रिपोर्टमध्ये अंकल जज हा शब्द वापरून त्याची दखल घेतली. सुप्रीम कोर्ट 1950 मध्ये सुरू झालं, पहिली महिला जज यायला 1989 उजाडलं, आणि 2025 पर्यंत पाऊणशे वर्षांत एकूण महिला जज किती तर 11. त्यातल्या सुजाता मनोहर आणि रंजना देसाई या दोघी मूळच्या मुंबई हायकोर्टातल्या. दलित, आदिवासी, ओबीसी यांचं प्रमाणही असंच तोकडं. बंद खोलीत पाच जण बसून आपल्यासारखेच लोक निवडत राहिले तर दुसरं काय होणार.

या पार्श्वभूमीवर 2014 मध्ये नवीन सरकार आलं आणि ऑगस्टमध्येच घटनादुरुस्ती आणली. लोकसभेत 13 ऑगस्टला 367 विरुद्ध 0 अशी पास, दुसऱ्या दिवशी राज्यसभेतही विरोधात एक मत नाही, फक्त राम जेठमलानी तटस्थ. मग निम्म्याहून जास्त राज्यांच्या विधानसभांनी मंजुरी दिली, 31 डिसेंबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी सही केली आणि 13 एप्रिल 2015 पासून 99वी घटनादुरुस्ती लागू झाली. सगळे पक्ष एकत्र आले होते हे खरंय, आणि म्हणूनच पाच जजांनी ती रद्द केली हे लोकांना आजही खटकतं.

आता आयोगाची रचना नीट बघा, कारण खरी गोम इथे आहे. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग, एकूण सहा जण. सरन्यायाधीश, त्यांच्यानंतरचे दोन सीनियर जज, केंद्रीय कायदामंत्री, आणि दोन प्रतिष्ठित व्यक्ती. या दोन व्यक्ती निवडणार कोण तर पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि लोकसभेतला विरोधी पक्षनेता, किंवा तो नसेल तर सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता. दोघांपैकी एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा महिला यांच्यातून घ्यायची, ही गोष्ट मला खरंच चांगली वाटते. पण प्रतिष्ठित म्हणजे कोण याची काहीही व्याख्या नव्हती, कायद्याचं ज्ञान पाहिजे अशी अटही नाही. तिघांच्या निवड समितीत दोन राजकारणी, म्हणजे पंतप्रधान आणि विरोधी नेता एक झाले तर सरन्यायाधीशांना न पटणारी माणसंही आयोगात बसू शकली असती.

आणि कायद्यात एक वाक्य होतं ज्यावर सगळं फिरलं. आयोगातल्या कुठल्याही दोघांनी विरोध केला तर त्या नावाची शिफारस करायची नाही. आता बेरीज करा. तिन्ही जज एका नावावर ठाम आहेत, त्यांनी त्या वकिलाचं किंवा जजचं काम वर्षानुवर्षं समोर बघितलंय, पण कायदामंत्री आणि एक प्रतिष्ठित व्यक्ती नको म्हणाले, विषय संपला. कारण काय, लिहून द्यावं लागेल का, उमेदवाराला कळेल का, तसं काही बंधन नाही. उलट्या बाजूने दोन जजही एखादं नाव अडवू शकत होते, म्हणजे सरकारला हवा तो माणूस थेट बसवता आला नसता हे खरंय. पण नको असलेला माणूस बाहेर ठेवता आला असता, आणि 1973 मध्ये झालं ते नेमकं हेच होतं. विधेयकाच्या मूळ मसुद्यात तर असंही होतं की राष्ट्रपतींनी नाव परत पाठवलं तर दुसऱ्या वेळी आयोगाचं एकमत लागेल, ते विरोधकांच्या आग्रहामुळे पास होण्याआधी काढलं. शिवाय आयोगाने काम कसं करायचं हे संसद साध्या कायद्याने ठरवणार होती, म्हणजे आजचे नियम उद्या साध्या बहुमताने बदलता आले असते.

सुप्रीम कोर्टातल्या वकिलांच्या संघटनेने आणि इतरांनी याला आव्हान दिलं, फली नरीमन आयोगाच्या विरोधात उभे राहिले, सरकारकडून अ‍ॅटर्नी जनरल मुकुल रोहतगी. केस चालू असेपर्यंत सरन्यायाधीश दत्तू यांनी प्रतिष्ठित व्यक्ती निवडायच्या बैठकीला जायला नकार दिला, त्यामुळे आयोग प्रत्यक्षात कधी बसलाच नाही. 16 ऑक्टोबर 2015 ला निकाल आला, हजाराच्या वर पानं, चार विरुद्ध एक, घटनादुरुस्ती रद्द. न्यायमूर्ती खेहर यांच्या निकालाचा गाभा असा की सरकारच सगळ्यात मोठं पक्षकार असताना जज सरकारच्या उपकाराच्या जाळ्यात अडकता कामा नये, नेमणुकीत न्यायव्यवस्थेचा शब्द वरचढ असणं हा स्वातंत्र्याचा भाग आहे आणि स्वातंत्र्य हा मूळ ढाच्याचा भाग आहे, म्हणून संसद ते काढून घेऊ शकत नाही.

विरोधात एकटे न्यायमूर्ती चेलमेश्वर. त्यांचं म्हणणं, न्यायव्यवस्था स्वतंत्र असणं मूळ ढाच्यात येतं हे कबूल, पण म्हणून नेमणुकीत जजांचाच शब्द शेवटचा हे मूळ ढाच्यात येत नाही, सरकारला पूर्ण बाहेर ठेवायची गरज नाही, आणि कॉलेजियमचा कारभार बाहेरच्या कोणालाच बघता येत नाही. गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे की बहुमतातल्या न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनीही आपल्या निकालात लिहिलं की कॉलेजियममध्ये पारदर्शकता आणि उत्तरदायित्व नाही. म्हणजे पद्धत सदोष आहे हे मान्य करून त्यांनी तीच परत आणली. खेहर स्वतः त्यावेळी कॉलेजियमचे सदस्य होते हेही अनेकांना बोचलं, आणि ते बोचणं चुकीचं नाही.

माझं मत विचाराल तर दोघांचा व्हेटो असलेला तो आयोग रद्द झाला ते बरं झालं. पण कोर्टाला आणखी एक रस्ता होता, फक्त व्हेटोचं कलम आणि प्रतिष्ठित व्यक्तींची मोघम तरतूद उडवायची आणि बाकी आयोग ठेवायचा. तो रस्ता घेतला असता तर आज आपण कदाचित वेगळ्या जागी असतो. सगळंच रद्द करून कोर्टाने जुनी बंद खोली परत मिळवली आणि सुधारणेची जबाबदारी स्वतःवर घेतली. ती मात्र धडपणे पार पाडली नाही. 2017 पासून ठराव वेबसाईटवर टाकायला लागले, 2023 च्या जानेवारीत तर सरकारचे आक्षेपही जाहीर केले, पण हे सगळं त्या त्या सरन्यायाधीशांच्या मर्जीवर, नियम म्हणून नाही.

आणि निकालानंतर काय झालं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. आयोगात सरकारला जो व्हेटो मिळणार होता तो कोर्टाने कागदावरून काढला, पण सरकारने तो फाईल दाबून परत मिळवला. कसा, ते एका उदाहरणातून बघू. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन, सेबी आणि कंपनी कायद्यातलं मोठं नाव. मुंबई हायकोर्टाचे जज म्हणून त्यांच्या नावाची शिफारस सुप्रीम कोर्ट कॉलेजियमने फेब्रुवारी 2022 मध्ये केली. सरकारने नाव परत पाठवलं, आक्षेप काय तर कोर्टात चालू असलेल्या विषयांवर त्यांनी सोशल मीडियावर मतं मांडली. जानेवारी 2023 मध्ये कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं आणि लिहिलं की मत व्यक्त करणं ही अपात्रता होऊ शकत नाही. नियमाप्रमाणे आता सरकारला पर्याय नव्हता. आणि सुप्रीम कोर्टानेच एप्रिल 2021 मध्ये सांगितलं होतं की दुसऱ्यांदा आलेल्या नावावर तीन ते चार आठवड्यांत नेमणूक व्हावी. प्रत्यक्षात नेमणूक झाली नोव्हेंबर 2023 मध्ये. त्यांची नेमणूक निदान झाली तरी. दिल्लीचे वकील सौरभ कृपाल यांचं नाव हायकोर्टाने 2017 मध्ये पाठवलं, कॉलेजियमने 2021 मध्ये मंजूर केलं, सरकारने त्यांच्या समलैंगिक असण्यावर आणि जोडीदार परदेशी असण्यावर बोट ठेवलं, 2023 मध्ये कॉलेजियमने पुन्हा पाठवलं आणि त्यानंतरही नेमणूक काही निघाली नाही.

उशीर म्हणजे नुसता उशीर नसतो हे लक्षात घ्या, कारण जजांची सीनियॉरिटी शपथेच्या तारखेवरून ठरते आणि सरन्यायाधीश कोण होणार हे सीनियॉरिटीवरून. न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांनी उत्तराखंडचे मुख्य न्यायमूर्ती असताना 2016 मध्ये तिथली राष्ट्रपती राजवट रद्द केली होती. जानेवारी 2018 मध्ये त्यांचं आणि इंदू मल्होत्रा यांचं नाव एकत्र सुप्रीम कोर्टासाठी गेलं, मल्होत्रांची नेमणूक एप्रिलमध्ये झाली आणि जोसेफ यांचं नाव परत आलं. पुन्हा पाठवल्यावर ऑगस्टमध्ये शपथ झाली तीही त्याच वेळी नेमलेल्या इतर दोघांच्या नंतर. काही महिन्यांच्या उशिराने सीनियॉरिटीचा क्रम बदलला. आणि कधी कधी कॉलेजियमच वाकतं. न्यायमूर्ती अकिल कुरेशी मुंबई हायकोर्टात होते तेव्हा 2019 च्या मे महिन्यात कॉलेजियमने त्यांना मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती करायची शिफारस केली, सरकारने बाकीच्यांच्या नेमणुका केल्या पण यांची नाही, आणि सप्टेंबरमध्ये कॉलेजियमने शिफारस बदलून त्यांना त्रिपुराला पाठवलं. मध्य प्रदेशसारखं मोठं हायकोर्ट कुठे आणि त्रिपुरा कुठे. पुढे ते राजस्थानचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून रिटायर झाले, सुप्रीम कोर्टात गेले नाहीत.

यात सामान्य माणसाचं नुकसान काय? एक तर जागा रिकाम्या राहतात. मुंबई हायकोर्टात मंजूर जागा 94 आहेत आणि त्या पूर्ण भरलेल्या असणं ही दुर्मिळ गोष्ट, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीचा भार त्याच्यावर. कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा कुठल्याही बेंचवर तारीख घेऊन परत आलेल्या माणसाला विचारा. दुसरं, चांगले वकील यायला तयार होत नाहीत, प्रॅक्टिस सोडायची तयारी दाखवायची आणि मग दोन दोन वर्षं नाव लटकत ठेवायचं, काहींनी तर कंटाळून संमती मागे घेतलीय. आणि तिसरं, जे मोजता येत नाही, एखाद्या तरुण जजने सरकारविरुद्धची फाईल हातात घेतली की त्याच्या मनात काय चालत असेल. बहुतेक जण तरीही नीटच निकाल देत असतील असं मी मानतो, पण व्यवस्था माणसाच्या धैर्यावर चालवायची नसते.

आता परत आयोग आणायचा म्हटलं तर माझी हरकत नाही, हवाच आहे. इंग्लंडमध्ये 2006 पासून 15 जणांचा आयोग आहे, अध्यक्ष वकील किंवा जज नसलेला माणूस असतो, जागांची जाहिरात निघते, अर्ज येतात, आणि मंत्र्याला नाव नाकारायचं असेल तर कारण लिहून द्यावं लागतं. दक्षिण आफ्रिकेत मुलाखती लोकांसमोर होतात. आपल्याकडे नवीन घटनादुरुस्ती आली तर तिलाही दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि निम्म्या राज्यांची मंजुरी लागेल आणि नंतर 2015 च्याच कसोटीवर कोर्टात उभं राहावं लागेल. त्यामुळे मसुदा हातात आला की त्यात कोण कोण बसणार हे तर बघाच, पण त्याच्या आधी पुढची कलमं वाचा. किती जणांनी विरोध केला की नाव पडतं, विरोधाचं कारण लेखी आणि जाहीर आहे का, आणि ठरलेल्या मुदतीत सरकारने सही केली नाही तर नेमणूक आपोआप झाली असं धरायचं की फाईल तशीच पडून राहणार. या शेवटच्या मुद्द्यावर 99व्या घटनादुरुस्तीत काही नव्हतं आणि आजच्या कॉलेजियम पद्धतीतही नाही.